परमुलखातील विद्यापीठात रुळताना

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



ब्रिटनमधील विद्यापीठात शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी तेथे कसे रुळावे, हा विषय मला देण्यात आला आहे. आपला धाराशिव जिल्हा अवर्षणाचा. २०१८ साली केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि त्यांत आपला एक होता. निजामी राजवटीत येथील मुले उच्च शिक्षणासाठी हैदराबादेस जात. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि औरंगाबादची वाट खुली झाली. आता उमरगा, परंडा, कळंब येथील घरांतही विलायतेच्या प्रवेशाची गोष्ट निघू लागली आहे. म्हणून या विषयावर मोकळेपणाने बोलले पाहिजे.

प्रथम मी तीन माणसांची आठवण करून देतो. पहिले बद्रुद्दीन तय्यबजी. १८६० साली ते मुंबईहून इंग्लंडला गेले. शिक्षण चालू असताना डोळे अधू झाले आणि १८६४ च्या अखेरीस त्यांना परत यावे लागले. वर्षभराने ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. पुढे अंजुमन-ए-इस्लामच्या उभारणीत ते अग्रभागी होते, १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि नंतर मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती.

दुसऱ्या अतिया फैजी, याच तय्यबजी कुळाच्या नात्यातल्या. त्यांच्या भगिनी नाझली बेगम जंजिऱ्याच्या नवाबांच्या पत्नी होत्या. १९०६ साली अतियाबाई सरकारी शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घेण्यास गेल्या. तेथून त्या घरी रोजनिशी लिहून पाठवीत. ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू पत्रात छापली जाई आणि पुढे 'जमाना-ए-तहसील' या नावाने तिचे पुस्तक झाले. प्रकृतीने साथ दिली नाही म्हणून १९०७ साली अभ्यासक्रम पुरा न करताच त्या परतल्या.

तिसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे नाव आज आपल्या विद्यापीठाला आहे. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट सोडावा लागला. सिडनहॅम कॉलेजच्या प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भाथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. पदवी त्यांनी मिळविली.

पालकहो, तिघांतली समान गोष्ट ध्यानात घ्या. तिघेही एकदा अर्ध्यावरून परत आले. एकास डोळ्यांनी अडविले, एकीस प्रकृतीने, एकास पैशाने. कोणाचीही बुद्धी कमी पडली नव्हती. परदेशी शिकणाऱ्याचे पाऊल अडते ते बहुधा याच तीन ठिकाणी, तब्येत, मन आणि पैसा. म्हणून मी या तिन्हींविषयीच बोलणार आहे. पण आधी अभ्यासाचे दोन शब्द.

तेथे वर्गातले तास थोडे आणि स्वतःचे वाचन फार. अध्यापकांना पुष्कळ ठिकाणी नावाने हाक मारतात. आपल्या मुलांना हे जड जाते, पण त्यात बेअदबी मानीत नाहीत. चर्चेच्या तासाला गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याने वाचलेले नाही, असा समज होतो. तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक तरी प्रश्न विचारावा, इंग्रजी मोडके असले तरी. उर्दू किंवा मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांना आरंभी उच्चार समजत नाहीत. काही आठवड्यांत कान सरावतो. लेखन सुधारण्यासाठी बहुतेक विद्यापीठांत विनामूल्य मदत असते, ती मागण्यात कमीपणा नाही. मात्र दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून उतरवणे हा तेथे मोठा अपराध आहे. आपल्याकडे गाईडमधून उत्तर उतरविण्याची सवय लागलेल्याने हे विशेष जपावे.

गुणांविषयीही पालकांनी एक गोष्ट समजून घ्यावी. तेथे पदवीला साधारणपणे ४० गुणांना उत्तीर्ण आणि ७० ला प्रथम वर्ग असतो. पदव्युत्तर वर्गात ५० ला उत्तीर्ण, ६० च्या पुढे चांगली श्रेणी व ७० ला विशेष प्रावीण्य. मुलाने फोनवर "बासष्ट मिळाले" म्हटले की "बारावीला नव्वद होते, तिथे काय करतोस?" असे विचारू नका. तेथे बासष्ट ही चांगली कमाई आहे.

आता मन आणि तब्येत. सप्टेंबरअखेर मुले तेथे पोहोचतात आणि दोन महिन्यांत हिवाळा येतो. डिसेंबरात लंडनला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. जोहर, असर व मगरिब या तीन नमाजा चार-पाच तासांत येतात आणि त्यातच वर्ग असतात. पुष्कळ विद्यापीठांत नमाजाची खोली व मुस्लिम विद्यार्थ्यांची संघटना असते. वेळापत्रक हाती येताच अध्यापकांशी बोलले तर वाट निघते. वोकिंगची शाहजहान मशीद भोपाळच्या बेगमांच्या मदतीने १८८९ साली उभी राहिली. तेव्हापासून त्या देशाला नमाजी नवा नाही. मोठ्या शहरांत हलाल मांस सहज मिळते, लहान गावी चौकशी करावी लागते. मुलगा असो वा मुलगी, भाकरी, वरण, भात आणि दोन भाज्या करता आल्याशिवाय घराबाहेर पाठवू नका. रोज बाहेर खाणे खिशाला परवडत नाही आणि पोटालाही.

अंधार, थंडी आणि एकटेपणा यांनी मन खचते. तो आजार आहे, ईमानाची कमजोरी नव्हे. विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जावे. पोहोचताच जवळच्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवावे, कारण आरोग्यसेवेचे पैसे व्हिसाबरोबरच भरलेले असतात. २०२४ सालापासून ही रक्कम विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड करण्यात आली. आपल्याच लोकांत कोंडून घेऊ नये, पण त्यांच्यापासून तुटूही नये. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, तेथे मराठी बोलणारा प्रत्येक जण आपलाच. पालकांनी फोनची वेळ मुलाच्या सोयीने ठरवावी. हिवाळ्यात आपले घड्याळ साडेपाच तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेचार. आपली इशा झाली की त्याचा दुपारचा वर्ग चालू असतो.

पैशाविषयी स्पष्ट बोलतो. जमीन विकून किंवा गहाण टाकून मुलाला पाठविण्यापूर्वी चार वेळा हिशेब मांडा. व्हिसासाठी फीखेरीज नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस बँकेत दाखवावा लागतो. "तिथे काम करून फी फेडेल" असे सांगणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवू नका. पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. त्यातून हातखर्च निघेल, फी निघणार नाही. शिक्षणानंतर राहून नोकरी शोधण्यास दोन वर्षांची मुभा ठेवली होती, परंतु १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच. डी. वगळता, ती १८ महिन्यांचीच ठरविली आहे. नवी नोकरी आणि कर्जाचा हप्ता यांचे गणित यावर बसवा. खोली न पाहता अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका. इंग्लंडमध्ये घरमालकाला सामान्यतः पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही आणि ती ३० दिवसांत मान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. पूर्ण वेळ विद्यार्थ्याला तेथील घरपट्टीतून सूट आहे, ती मागून घ्यावी.

ज्यांना हा भार पेलत नाही, त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक शिष्यवृत्तीची. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आणि चेवनिंग यांसाठी एक वर्ष आधीपासून तयारी करावी लागते. दुसरी अदलाबदलीची. आपल्या महाविद्यालयाचा तेथील विद्यापीठाशी करार असेल तर एका सत्रासाठी किंवा वर्षासाठी जाता येते आणि शिक्षणशुल्क बहुधा येथेच भरावे लागते. मात्र तेथील विषयांचे गुण येथे धरले जातील, हे निघण्यापूर्वी लेखी घ्या. सहा महिन्यांच्या आतील अभ्यासाला पाहुणा म्हणून गेलात, तर तेथे काम करण्यास मनाई असते, हेही लक्षात ठेवा.

मुलींविषयी एक विनंती. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या समाजातील एक मुलगी लंडनला शिकायला गेली आणि तिच्या घरच्यांनी तिची पत्रे लपविली नाहीत, छापू दिली. मुलीला पाठवायचे की नाही हे घरचा हिशेब पाहून ठरवा, पण तोच हिशेब मुलालाही लावा.

शेवटी पुन्हा तेच सांगतो. मूल मधूनच परत आले तर मोहल्ल्यात तोंड कसे दाखवू, असा विचार करू नका. त्याची तब्येत पाहा, कर्जाचे काय ते बसून ठरवा, आणि विद्यापीठाकडून खंडाची परवानगी लेखी मागून ठेवा, म्हणजे दार उघडे राहते. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही घरी खरे सांगा. गुण कमी पडले, पैसे संपले, झोप येत नाही, जे असेल ते पहिल्या महिन्यातच सांगा. सहाव्या महिन्यात सांगितलेल्या गोष्टीवर इलाज महाग पडतो.