पदकाची कड वाचा



आपले उज्जैन, त्यातले आपले फ्रीगंज पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात होते. या संस्थानचे माधवराव शिंदे यांनी पहिल्या महायुद्धात इतर संस्थानिकांच्या साथीने एक प्रवासी जहाज घेऊन त्याचे इस्पितळ केले. नाव ठेवले ‘लॉयल्टी’. जहाजाचे नाव इतिहासात राहिले. पण जखमीला रणातून उचलून आणणाऱ्या डोलीवाल्यांची, कहारांची नावे कुठे आहेत?

त्यांच्या डाव्या दंडावर पांढरी पट्टी असे, तिच्यावर लाल क्रॉस. १९०६च्या जिनिव्हा कराराने ती बांधणाऱ्याला संरक्षण होते. पलटणीतल्याच शिपायाने स्ट्रेचर धरले, तर त्याच्या पट्टीवर ‘एस. बी.’ (स्ट्रेचर बेअरर) ही दोन अक्षरे असत. त्या अक्षरांनी काम कळे, कराराचे कवच मिळत नसे.

पदकांतही भेद होता. १८८५ नंतरच्या अनेक मोहिमांत सैनिकाला चांदीचे पदक मिळे, डोलीवाल्याला तेच पदक ब्राँझचे. त्याची गणना लढवय्यांत नव्हे, फौजेमागच्या चाकरांत होई. गोळ्यांच्या माऱ्यात दोघेही असत. पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’सुद्धा मजूर दलांना ब्राँझमध्येच दिले गेले. हा अन्याय होता, आणि तो धातूत ओतलेला आहे.

जखमीला उचलणे म्हणजे काय, हे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी दाखवले. नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा शिपाई कंपनीचा निरोप्या होता. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून सुखरूप पोचवले. मग परत जाऊन शत्रूच्या मशिनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

श्रोतेहो, तुमच्या घरी जुन्या ट्रंकेत डोलीवाल्याचे एखादे पदक असेल. ब्राँझचे असले तरी हलके मानू नका. भारतीय फौजेला मिळालेल्या पदकांच्या कडेवर, ताऱ्याच्या आकाराच्या पदकांच्या पाठीवर सहसा नंबर, हुद्दा, नाव आणि दल कोरलेले असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना पदके बिननावाची मिळाली, आपल्याकडच्यांना नावासकट. पदक घासून चकचकीत करू नका, अक्षरे झिजतात. मोडीतही घालू नका. भिंग घ्या, कड वाचा, नाव वहीत उतरवा आणि मुलांना सांगा, हा माणूस जखमींना उचलून आणत होता.