ताराबाई मोडक आणि अंगणातली शाळा



वसंत व्याख्यानमालेचे नाव निघाले की न्यायमूर्ती रानड्यांचे स्मरण होते. १८७५ मध्ये पुण्यात त्यांच्या प्रेरणेने ही प्रथा सुरू झाली, ती मोठ्या माणसांच्या शिक्षणासाठी. ज्या प्रार्थना समाजात रानडे वावरले त्याच समाजाचे एक कार्यकर्ते सदाशिव पांडुरंग केळकर हे होते. त्यांच्या कन्येने पुढे अगदी लहानांच्या, अडीच ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणात आपले आयुष्य घातले. त्या ताराबाई मोडक. त्यांच्याविषयी आज चार गोष्टी आपल्यापुढे मांडायच्या आहेत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. मुलीने मॅट्रिक होणे हीच नवलाई असण्याचा तो काळ. पुढे अमरावतीचे वकील कृष्णाजी विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. त्या काळी नवऱ्यापासून वेगळी झालेल्या स्त्रीला समाज काय काय ऐकवीत असेल, हे मी सांगायला नको. ताराबाई राजकोटला गेल्या आणि स्त्रियांच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. मान होता, पगार होता. तेथेच त्या राहिल्या असत्या तर एक यशस्वी प्राचार्या म्हणून निवृत्त झाल्या असत्या, आणि आज आपण त्यांच्यावर व्याख्यान ठेवले नसते.

राजकोटहून भावनगर फार दूर नाही. तेथे दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. मॅडम माँटेसोरींचे विचार वाचून ते लहान मुलांकडे वळले. मुलाला मारू नये, भिववू नये, घोकायला लावू नये. त्याच्या हाताला काम आणि डोळ्यांना-कानांना खाद्य द्यावे, म्हणजे ते आपले आपण शिकते, असे हे विचार. छडीवाचून विद्या येत नाही असे मानणाऱ्या आपल्या समाजाला ते उफराटेच वाटले. ताराबाईंना ते पटले. १९२३ मध्ये चांगली नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षण पत्रिका’ निघाली, आणि तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी वर्षानुवर्षे चालवली. पुढे त्या मुंबईला आल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला आणि बालशिक्षिका तयार करण्याचे कामही तेथे होऊ लागले.

आता येथे एक अडचण लक्षात घ्या. माँटेसोरी पद्धतीची साधने आपण पाहिली असतील. लाकडी दट्ट्या, मनोरा, रंगांच्या पट्ट्या: सगळे काटेकोर मापाचे, गुळगुळीत आणि महाग. ती ज्याला परवडतील त्याच्याच मुलाला हे शिक्षण! खुद्द माँटेसोरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत काढले होते. गरिबांच्या मुलांसाठी जन्मलेली पद्धत साधनांच्या किमतीमुळे श्रीमंतांच्या घरी जाऊन बसली. तिला पुन्हा गरिबाच्या दारी आणणे, हे ताराबाईंचे खरे कार्य.

याच सुमारास गांधीजींनी नयी तालीमचा व्याप वाढवला आणि सात वर्षांखालील मुलांचा विचारही तीत आणला. १९४५ मध्ये ताराबाईंनी मुंबई सोडली आणि त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. वय त्रेपन्न. ह्या वयात माणसे हिशेब आवरायला लागतात. बाईंनी नवे खाते उघडले. १९४५ हेच वारल्यांच्या उठावाचे वर्ष. उंबरगाव-डहाणू भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत लिहून ठेवली आहे. आईबाप माणूस म्हणून जगण्यासाठी झगडत होते, आणि त्यांची मुले पाड्यावर धुळीत बसलेली होती.

बालवाडी उघडली, पण मुले येतात कोठे? कोणीही म्हणाले असते, ‘ह्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.’ ताराबाई तसे म्हणाल्या नाहीत. मुले का येत नाहीत याचा त्यांनी शोध घेतला. पाडे दूर दूर विखुरलेले. आईबाप उजाडताच मजुरीला जातात. सात-आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटे भावंड असते. मुलगा गुरांमागे जातो. अंगाला धड कपडा नाही, पोटात अन्न नाही. बाईंनी यातल्या एकेका कारणाला उत्तर दिले. मूल येऊ शकत नाही, तर शिक्षिकेने पाड्यावर जावे आणि एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून तेथेच शाळा भरवावी. तीच अंगणवाडी. कडेवर भावंड आहे, तर त्याच्यासाठी पाळणाघर. मुलगा गुरे राखतो, तर गुरे चरतात तेथेच कुरणशाळा. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हाही तेथे पाठच होता.

आणि साधने? शिंपले, गोटे, चिंचोके, पाने, बिया, माती. लहान-मोठे, गुळगुळीत-खरखरीत, हलके-जड हे मापाच्या दट्ट्यांनी कळते तसेच शिंपल्यांनीही कळते. पद्धतीचा गाभा ठेवला, टरफल टाकून दिले. वरवर हे सोपे दिसते. पण ज्या पद्धतीला आपली पंचवीस वर्षे दिली, तिच्यातले आवश्यक काय आणि शोभेचे काय हे निर्भयपणे वेगळे काढायला मोठी बुद्धी लागते.

या कामात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई बालविधवा, स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या. १९४५ पासून त्या ताराबाईंबरोबर राहिल्या. १९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असलेली विकासवाडी तेथे उभी राहिली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, तो दिवा तेवत ठेवला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू केली. तिच्या केंद्राचे नाव अंगणवाडी. आज देशभर अशा सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. शिक्षणाच्या क्षेत्रात एवढे भाग्य फार थोड्या कल्पनांना लाभले असेल.

पण मंडळी, नाव घरोघर पोचले म्हणजे विचारही पोचला असे होत नाही. अंगणवाडी म्हटले की आपल्याला आठवते ती खिचडी, वजनकाटा आणि सेविकेच्या हातातल्या नोंदवह्या. आहार हवाच, उपाशी मुलाला गाणे सुचत नाही, हे ताराबाईंना आपल्याहून अधिक ठाऊक होते. परंतु त्यांच्या अंगणात मूल जेवायला येई तसेच शिकायलाही येई, आणि समोरची बाई शिक्षिका असे. आज आपण तिला मानधनावर राबणारी बाई समजतो. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, तो संप पन्नासहून अधिक दिवस चालला. आपल्यापैकी कितीजणांच्या घरात त्याने खळबळ झाली? आपल्या नातवाची शाळा पन्नास दिवस बंद राहिली असती तर आपण स्वस्थ बसलो असतो काय?

दुसरीकडे, शहरातल्या आपल्या मुलांचे काय चालले आहे? तीन वर्षांच्या मुलाची प्रवेशासाठी मुलाखत होते, आणि हाताची बोटे धड वळत नाहीत तोच त्याला अक्षरे गिरवायला बसवतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे वय शिक्षणाच्या पायात धरले, हे चांगले झाले. पण पाया म्हणजे पहिलीचा अभ्यास तीन वर्षे अलीकडे ओढणे, असा अर्थ कोणी केला तर ताराबाईंनी शंभर वर्षांपूर्वी जे सोडून दिले तेच आपण फी भरून विकत घेऊ. पाड्यावरच्या मुलाला अन्न मिळते, शिक्षण मिळत नाही; शहरातल्या मुलाला शिक्षणाच्या नावाखाली घोकंपट्टी मिळते, अंगण मिळत नाही.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. आपल्या पेठेत, आपल्या गल्लीच्या टोकाला एखादी अंगणवाडी असेलच. या आठवड्यात एकदा तेथे जाऊन या. किती मुले पटावर आहेत हे विचारू नका. आज कोणते गाणे म्हटले, मुलांच्या हातात खेळायला काय दिले, हे विचारा. खोलीत उजेड नसेल तर त्याची सोय करा. खेळायला काही नसेल तर चिंचोके आणि शिंपले गोळा करायला पैसे पडत नाहीत. आणि सेविकेला बाई म्हणा, शाळेतल्या बाईंना म्हणता त्याच आदराने.