सोनोग्राफीचा रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे
(अकलोली येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातल्या काहींची लग्नं झाली आहेत, बाकीच्यांची पुढच्या काही वर्षांत होतील. म्हणून आज एका अशा विषयावर बोलतो, जो आपल्याकडे फक्त बायकांनी दबक्या आवाजात बोलायचा मानला जातो. पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीत पोटाच्या भिंतीचा दोष दिसला, तर काय करायचं?

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. उपचार डॉक्टरच सांगतील. पण त्यांना काय विचारायचं, हे आपल्याला यायला हवं. 'बाळाची आतडी बाहेर दिसतात' हे ऐकलं की आपल्या घरात आधी रडारड होते आणि मग सुनेवर ठपका येतो. प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

आधी हे समजून घेऊ. प्रत्येक गर्भाची आतडी सुरुवातीचे काही आठवडे पोटाबाहेर, नाळेच्या मुळाशी वाढतात. तुमची-माझीही तशीच वाढली. साधारण १२ व्या आठवड्यापर्यंत ती आत जातात. त्यानंतरही बाहेर राहिली, तर मुख्य शक्यता दोन.

पहिली गॅस्ट्रोस्कायसिस. यात नाळेच्या शेजारी, बहुतेक वेळा उजवीकडे, पोटाला छिद्र असतं. आतड्यांवर आवरण नसतं, ती गर्भजलात मोकळी तरंगतात. वीस वर्षांखालच्या आयांच्या बाळांत हे जास्त आढळतं. बाळाचे इतर अवयव बहुधा ठीक असतात.

दुसरी ओम्फॅलोसिल. यात अवयव नाळेच्या जागेतूनच बाहेर येतात, पण पातळ पिशवीत असतात आणि नाळ त्या पिशवीला जोडलेली असते. कधी यकृतही त्यात असतं. हृदयाचे किंवा गुणसूत्रांचे दोष सोबत असण्याची शक्यता इथे बरीच असते. म्हणून डॉक्टर बाळाच्या हृदयाची इको आणि गर्भजलाची तपासणी सुचवतात.

म्हणजे विचारायचे प्रश्न चार. अवयवांवर आवरण आहे का? नाळ कुठे जोडली आहे? यकृत बाहेर आहे का? हृदय आणि बाकीचे अवयव कसे आहेत? हे चार प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मुलगा की मुलगी, हा पाचवा प्रश्न विचारायचा नाही. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यावर देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच महाराष्ट्राने केला.

आता मुद्द्याचं. २०२१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये ७४ देशांतल्या २६४ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गॅस्ट्रोस्कायसिस असलेल्या बाळांपैकी श्रीमंत देशांत १३९ पैकी २ दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३०४ पैकी ९७, आणि गरीब देशांत १० पैकी ९. दोष तोच, बाळंही तशीच. फरक पडला तो वेळेत निदान, योग्य ठिकाणी जन्म आणि चांगली देखभाल यांचा. उघडी आतडी असलेलं बाळ झपाट्याने थंड पडतं, त्याच्या अंगातलं पाणी कमी होतं, संसर्ग होतो. म्हणून बालशल्यचिकित्सक आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच त्याचा जन्म व्हायला हवा.

अकलोलीहून पाहा. वज्रेश्वरीचं आरोग्य केंद्र जवळ, भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय त्यापुढे. पण नवजात बाळाच्या अशा ऑपरेशनसाठी परळचं वाडिया, केईएम किंवा सायनसारखं मोठं रुग्णालय लागतं. कळा सुरू झाल्यावर भिवंडीच्या ट्रॅफिकमधून निघायचं, की चार महिने आधी तिथे नाव घालून ठेवायचं? हे सोनोग्राफी वेळेत झाली तरच ठरवता येतं.

आता ठपक्याचं बोलू. 'ग्रहणात सुरी हातात घेतली म्हणून बाळाचं पोट उघडं राहिलं' असं आपल्याही घरांत म्हणतात. पैगंबरांचा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. लोक म्हणू लागले, त्याच्या मृत्यूमुळेच ग्रहण लागलं. पैगंबरांनी तिथेच सांगितलं, की कुणाच्या जगण्या-मरण्याने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही. हदीस तोंडपाठ असणाऱ्या घरात ग्रहणावरून सुनेला बोल लावले जात असतील, तर तिथे तुम्ही तोंड उघडलं पाहिजे.

काही वेळा दोष फार गंभीर असतात आणि गर्भपाताचा विचार करावा लागतो. त्यावरही मोकळेपणाने बोलू. मुस्लिम वर्ल्ड लीगच्या मक्केतील फिकह परिषदेने १९९० मध्ये असा निर्णय दिला: गर्भात उपचार न होणारं गंभीर व्यंग असल्याचं तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं, तर १२० दिवसांच्या आत पालकांच्या मागणीवरून गर्भपात करता येतो. हे दिवस गर्भ राहिल्यापासूनचे. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजतात, त्या हिशोबात ते साधारण १९ आठवडे होतात. म्हणजे १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीपर्यंत थांबलं, तर ही मुदत जवळजवळ संपलेली असते. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीतही हे दोष अनेकदा दिसतात. देशाचा कायदा २०२१ मध्ये बदलला. गर्भात मोठं व्यंग असेल आणि वैद्यकीय मंडळाने मान्यता दिली, तर २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही लागत नाही. आणि गॅस्ट्रोस्कायसिसवर उपचार आहेत, हेही त्याच वेळी लक्षात ठेवा.

आपण काय करू शकतो? पहिल्या १२ आठवड्यांत आशाताईंकडे नोंदणी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, तिथे सोबत जाणं. ११ ते १४ आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी न चुकवणं. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाला मोफत उपचार आणि वाहन मिळण्याचा हक्क आहे, तो मागून घेणं. आणि नवऱ्याने सोनोग्राफी सेंटरच्या बाहेर बाइकवर बसून न राहता आत जाऊन डॉक्टरांचं ऐकणं.

आपल्या वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बहिणीच्या सोनोग्राफीची तारीख तिच्या घरातल्या एका तरी तरुणाला माहीत असावी. एवढं काम आपण इथून जाताना अंगावर घेऊ या.