भांडाराची वही



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'परदेशातील शाळांमध्ये उद्योजकतेचे शिक्षण'. विषय भारदस्त आहे आणि मी स्वतः आयुष्यात एक रुपयाचा धंदा केलेला नाही. इंजिनिअरिंग झालं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली, ती अजून करते आहे. पण गेली काही वर्षं मी न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी हायस्कुलात महिन्यातून दोनदा स्वयंसेवक म्हणून जाते. तिथली मुलं कंपनी चालवतात. त्याबद्दल सांगते. त्या ओघात आपल्या शाळेतली एक जुनी गोष्टही सांगणार आहे. खरं तर तीच सांगायला आले आहे.

त्या उपक्रमाचं नाव 'व्हर्च्युअल एंटरप्रायझेस'. न्यूयॉर्क शहरात तो १९९६ साली सुरू झाला, पण कल्पना मूळची युरोपातली. जर्मन भाषेत तिला 'युबुंग्सफिर्मा' म्हणतात, म्हणजे सरावाची कंपनी. ऑस्ट्रियातल्या वाणिज्य शाखेच्या शाळांत ही सरावाची कंपनी अभ्यासक्रमाचाच भाग आहे. वर्ग म्हणजे ऑफिस. कोणी हिशेब बघतो, कोणी खरेदी, कोणी विक्री, कोणी पगारपत्रक. मालही नाही आणि पैसाही नाही, पण बाकी सगळं खरं असतं. मागणीपत्र येतं, बिल जातं, भाडं भरावं लागतं, कर भरावा लागतो, आणि बँकेच्या संगणकावर खात्यातली खोटी रक्कम कमी-जास्त होते. गिऱ्हाईक कोण? दुसऱ्या शाळांतल्या अशाच कंपन्या. या कंपन्यांचं जाळं बऱ्याच देशांत पसरलं आहे, त्यामुळे क्वीन्समधली पोरगी ऑस्ट्रियातल्या पोराला माल विकते आणि दोघांनी तो माल कधी पाहिलेला नसतो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनात म्हटलं, हा तर भातुकलीचा खेळ आहे. ते मत पूर्ण बदललेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. वर्षाच्या शेवटी मोठा व्यापार मेळावा भरतो. तिथे मुलं आपल्या खोट्या पगारातून भराभर खरेदी करतात, कारण तो पैसा उद्या कामाचा नसतो. त्यामुळे साधारण बऱ्या दिसणाऱ्या कुठल्याही दुकानाचा माल खपतो. आपल्या बाजारात सकाळपासून भाजी मांडून बसलेल्या बाईला दुपारी दोन वाजता पोटात जो खड्डा पडतो, तो या मुलांना कळत नाही. गिऱ्हाईक न येणं म्हणजे काय, हे या खेळातून शिकवता येत नाही. धंदा शिकवतो म्हणणाऱ्यांनी हे कबूल करावं, असं मला वाटतं.

मग मी जाते कशाला? त्याचं कारण एक बिल आहे.

आमच्या मुलांची कंपनी खाऊचे डबे विकते, कागदावर. ऑस्ट्रियातल्या एका शाळेने पन्नास डबे मागवले. डबा पंचवीसचा. विनिमयदराची भानगड बाजूला ठेवते. मागणीपत्रावर एकूण रक्कम लिहिली होती १.२५०. तिकडे हजाराच्या जागी टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. अमेरिकेत बरोबर उलटं. हिशेब बघणाऱ्या मुलीने तो आकडा उचलून आपल्या तक्त्यात टाकला आणि संगणकाने तो सव्वा वाचला. बाराशे पन्नासची विक्री वहीत सव्वाची झाली. (आपल्याकडे तर लाखाचा स्वल्पविराम तिसऱ्याच जागी पडतो. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं अशा टिंबांच्या मागे गेली आहेत, पण तो विषय काढला तर जेवणाला उशीर होईल.)

महिनाअखेरीला बँकेत पैसे जास्त आणि वहीत कमी. जास्त आलेत म्हणून कुणी ओरडलं नाही. त्या मुलीने काय केलं, तर 'इतर उत्पन्न' नावाचं एक खातं होतं, त्यात १२४८.७५ लिहून दोन्ही बाजू जुळवल्या. वही सुंदर जुळली. मी तो आकडा बघितला. पंचाहत्तर सेंट हे फारच चोख उत्पन्न होतं. मी तिला एवढंच विचारलं, "हे कुठून आलं?" ती सोळा वर्षांची पोर, आई-वडील दुसऱ्या देशातून आलेले, घरची सगळी सरकारी पत्रं इंग्रजीत वाचून दाखवणारी तीच. तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "मला चूक सापडत नव्हती. आणि मला सापडत नाही हे मला कुणाला सांगायचं नव्हतं."

मित्रांनो, ते वाक्य ऐकून मी न्यूयॉर्कमध्ये राहिले नाही. मी आपल्या शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत आले.

आपलं विद्यार्थी सहकारी भांडार आठवतं ना? शंभर पानी वह्या, नटराज पेन्सिली, शाईच्या दौती, कंपासपेट्या. मधल्या सुट्टीत खिडकीवर झुंबड. १९९३-९४ साली, आपण नववीत असताना, भांडार दोघांकडे होतं. वही माझ्याकडे, किल्ली आणि माल आपल्याच वर्गातल्या एका मुलाकडे. मी एका मैत्रिणीला दोन कंपासपेट्या आणि काही वह्या उधार दिल्या होत्या, कुठेही न लिहिता. तिच्या वडिलांची बदली झाली, ती गाव सोडून गेली. महिनाअखेरीला त्रेचाळीस रुपये पन्नास पैसे कमी आले. मी माझ्या चांगल्या अक्षरात 'फूटतूट' या सदराखाली ४३.५० लिहिलं आणि वही जुळवली.

सरांनी वही पाहिली. फूटतूट म्हणजे माल हाताळणाऱ्याची हयगय. ते रागावले नाहीत. फक्त पुढच्या सोमवारपासून किल्ली दुसऱ्याकडे गेली. त्या मुलाला चांगलं ठाऊक होतं की काहीच फुटलं नव्हतं. तो माझ्याकडे एकदा बघून गप्प राहिला. मीही गप्प राहिले. वर्षअखेरीला व्यवस्थित हिशेबाबद्दल मला फाउंटन पेन बक्षीस मिळालं आणि त्याच पेनाने मी दहावीचे पेपर लिहिले.

त्या मुलीला मी ही गोष्ट सांगितली नाही. आम्ही दोघी बसलो, मागणीपत्र शोधलं, टिंब सापडलं. मग दर आठवड्याच्या बैठकीत तिने उभं राहून सगळ्यांना ते दाखवलं. पोरं हसली, एक जण म्हणाला की त्यानेही दोन बिलांत तेच केलं आहे, आणि ती बिलं निघाली. बाराशेंचं खरं नुकसान असतं तर ती उभी राहिली असती का, मला माहीत नाही. पैसा खोटा होता म्हणून ती उभी राहू शकली, असं मला वाटतं. मी त्या खोट्या पैशासाठी तिथे जाते. आमच्या धंद्यातही नवी प्रणाली आधी खोट्या माहितीवर चालवून बघतात. ती तिथे पडली तर कुणाची नोकरी जात नाही, आणि म्हणूनच ती का पडली हे लोक मोकळेपणाने सांगतात.

मुख्याध्यापकांनी मघाशी मला विचारलं, असं काही आपल्या शाळेत करता येईल का. परदेशी जाळं, संगणक, सगळं करता येईल, मी मदतही करीन. पण त्याआधी जिन्याखालची ती खोली उघडावी. आज सकाळी बघितली, मोडके बाक भरलेत. भांडार पुन्हा सुरू करावं, आणि वहीत 'चुकलं' असं एक सदर ठेवावं. उधारी, मोजणीतली गफलत, काय असेल ते तिथे लिहायचं, आणि लिहिणाऱ्याची किल्ली काढायची नाही, एवढा नियम. सुरुवातीच्या मालाचे पैसे आपली बॅच देईल. मी कुणाला न विचारताच बोलते आहे, पण नाही म्हणणारं कुणी दिसत नाही.

किल्ली गेलेला तो मुलगा आज इथे बसला आहे. नाव घेत नाही. सर आपल्यात नाहीत, म्हणून हे त्याला आणि तुम्हा सगळ्यांना सांगते. फूटतूट झाली नव्हती. उधारी माझी होती.

पाकीट पर्समध्ये आहे. त्रेचाळीस रुपये सहज जमले. पन्नास पैशांचं नाणं मात्र दोन दिवस शोधलं, शेवटी आईच्या देवघरातल्या डबीत मिळालं.