मधातली जंतुनाशक ताकद

चांगला पिकलेला मध वर्षानुवर्षं टिकतो. त्यात पाणी जेमतेम 20 टक्क्यांपर्यंत, बाकी बहुतेक साखरच. ही साखर जंतूंमधलं पाणी शोषून घेते. शिवाय मध आम्लधर्मी असतो आणि त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. मधमाशी मकरंदात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर मिसळते. जखमेतल्या ओलाव्यानं मध पातळ झाला, की हे विकर कामाला लागतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. न्यूझीलंडच्या मानुका मधात मिथाइलग्लायऑक्सल हे आणखी एक जंतुनाशक द्रव्य असतं.

सुश्रुतसंहितेत व्रणावर मध आणि तूप लावायला सांगितलं आहे. आज रुग्णालयांत भाजलेल्या जखमांवर मधाच्या मलमपट्ट्या वापरतात. पण तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. म्हणून घरच्या बरणीतला मध उघड्या जखमेवर लावू नका. मोठ्यांच्या खोकल्यात चमचाभर मधानं आराम पडतो.

आणि एक कळकळीची विनंती. आपल्याकडे तान्ह्या बाळाला मध चाटवतात. पण मधात बॉट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याला मधाचं बोटही देऊ नका.