नाव बदलताना

दिल्लीत कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. नवे महाराष्ट्र सदन 2013 साली याच रस्त्यावर सुरू झाले, त्यामुळे मराठी पाहुण्याला तो परका नाही. रस्त्यावरची पाटी बदलणे सोपे. खरेदीखते, नकाशे आणि लोकांची जीभ यांतून जुने नाव काढणे मात्र कठीण.

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यापुढे ही अडचण नित्याचीच. आज्ञावलीचे वर्तन तसेच ठेवून तिची आतली मांडणी आणि नावे सुधारण्याच्या कामाला रिफॅक्टरिंग म्हणतात. विल्यम ऑपडाइक यांनी 1992 साली इलिनॉय विद्यापीठात या विषयावर प्रबंध सादर केला. पुढे तेथेच जॉन ब्रँट व डॉन रॉबर्ट्स यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी हे काम यंत्राकरवी करणारे साधन घडविले. आता कोड लिहिण्याच्या एडिटरला एखादे प्लगइन जोडले की तेच काम एका कळीसरशी होते.

पण हे केवळ शोधणे आणि बदलणे नव्हे. 1995 साली शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले, तरी उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव बॉम्बे हायकोर्टच राहिले. ‘बॉम्बे’ दिसेल तेथे ‘मुंबई’ घाला, असा हुकूम एखाद्या उत्साही कारकुनाला दिला, तर तो न्यायालयाचेही बारसे करून मोकळा होईल! प्लगइन अक्षरे पाहून थांबत नाही. ते आधी वैयाकरणाप्रमाणे मजकुराचा अन्वय लावते आणि कोणते नाव कोणत्या वस्तूचे, हे ठरविते. एकाच वर्गातल्या दोन सदाशिवांपैकी नेमका एकच ते निवडते.

त्याची दृष्टी मात्र उघडलेल्या कोडपुरतीच. अवतरणचिन्हांत लिहिलेले नाव, किंवा दुसऱ्याच कुणाच्या आज्ञावलीने जुन्या नावाने मारलेली हाक, त्याला बहुधा कळत नाही. मुंबईच्या विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, तरी सामानाच्या चिठ्ठीवर ‘बीओएम’ हीच अक्षरे छापली जातात. जगभरच्या विमान कंपन्यांच्या नोंदी त्यांवर अवलंबून आहेत.

म्हणून जाणता लेखक कळ दाबण्यापूर्वी बदलांची यादी डोळ्यांखालून घालतो, आणि बदलाच्या आधी व नंतर त्याच चाचण्या चालवितो. त्या लिहिलेल्याच नसतील, तर नाव तसेच ठेवून तो प्रथम चाचण्या लिहावयास बसतो.