आमचं काम कुठं अडलं
(वनहक्क मेळाव्यात विद्यार्थी गटाच्या वतीने केलेलं भाषण)



आम्ही चोपडा आणि शिरपूरला शिकणारी पोरं-पोरी. दीड वर्ष पाड्यापाड्यावर बायांच्या आरोग्याचं काम केलं. ते काम बंद पडलंय, हे सांगायला आज उभे आहोत. लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं.

सुरुवात जोरात होती. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 च्या वर पाहिजे, 7 च्या खाली गेलं तर जिवाला धोका, हे सगळं आम्ही पाठ केलेलं. लोहाच्या गोळ्या खाता का, विचारून वहीत लिहायचो. बाया म्हणायच्या, "खातो ना." मग एका घरी गोठ्याच्या छपरात खोचलेली अख्खी पाकिटं दिसली. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं. बायांना वाटलं, पोटात काहीतरी बिघडलं. त्याने घाबरायचं नसतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीपण नाही. आम्ही मराठीतून विचारायचो, घरातली बोली पावरी. त्यात विचारणारा पोरगा, आणि दारात सासरा उभा. कोण बोलेल?

एका ताईचे सांधे ठणकायचे, सारखा थकवा. आम्हाला सिकलसेलची शंका आली. तो आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, नुसत्या लोहाने बरा होत नाही, आधी रक्त तपासावं लागतं. अर्ज दिला. तीनदा उत्तर मिळालं, तपासणीचं सामान संपलंय. चौथ्यांदा साहेब म्हणाले, "तुम्ही बारावीचा अभ्यास करा." मग आमच्यातल्या दोघींच्या घरी निरोप गेला, पोरगी मोर्च्यात फिरते. एकीचं लग्नच ठरवून टाकलं.

आणि पावसाळ्यातली ती रात्र. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, न्यायला गाडीपण फुकट. गाडी आलीसुद्धा, पण नाल्याच्या पलीकडेच थांबली. पुढे रस्ता नाही. झोळी करून नेलं. बाई वाचली, बाळ गेलं. त्यानंतर आमच्या बैठकीला चारच जण आले.

रस्त्याचं विचारलं तर उत्तर एकच, जंगलाची जागा आहे. पण आपण ज्या वनहक्क कायद्यासाठी लढलो, त्याच्याच कलम 3(2) मध्ये दवाखाना, अंगणवाडी, रस्ता यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटायला नको, आणि शिफारस ग्रामसभेची लागते. साहेबाची नाही, आपली! मग आपण किती ठराव केले? आमच्या पाड्यांवर एकपण नाही.

म्हणून थोडा राग तुमच्यावरपण आहे. 2012 च्या नियमाप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. बाया बोलावतात, अंगठा घेतात, आणि चुलीकडे परत पाठवतात. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं, तिच्या दुखण्याचं मात्र कुणी विचारत नाही. शहादा धुळे जिल्ह्यात होता तेव्हा, 1973 च्या सुमारास, तिथल्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली. त्या कुणाला विचारायला थांबल्या नव्हत्या.

येत्या ग्रामसभेत दोन विषय घ्या: नाल्यापासून पाड्यापर्यंतचा रस्ता, आणि सिकलसेलची तपासणी पाड्यावरच. बाया आधी बोलतील, पावरीत बोलतील. लिहून घ्यायला आम्ही येतो. वह्या अजून आमच्याकडेच आहेत.